टाकीतला चौथा आवाज

रेकॉर्डरचा लाल दिवा लागला होता, चौघा गाणाऱ्यांनी डोळे मिटले होते, गाणं ऐन रंगात आलं होतं, आणि मी "क्याऽऽ बात है!" म्हणून ओरडलो.

बैठकीत ओरडलो असतो तर कुणी पानाचा डबा पुढे सरकवला असता. पण मी होतो शारजाच्या हमरिया फ्री झोनमध्ये, एका रिकाम्या पोलादी तेलटाकीच्या पोटात. माझी दाद छपरापर्यंत गेली, तिथून खाली आली, गोल भिंतीला धरून फिरली आणि "है, है, है" करत माझ्याच अंगावर येऊन आदळली. उलट्या बादलीवर ठेवलेल्या माझ्याच रेकॉर्डरनं ती इमानेइतबारे टिपली. गाणारे चौघे म्हणजे तीन अल्बेनियन आणि एक दाभोळ खाडीकाठचा हनीफ. त्यांच्यातला म्होरक्या लेफ्तर. त्यानं एक डोळा उघडून माझ्याकडे पाहिलं. क्रेनला टांगलेल्या ओझ्याखाली येऊन उभ्या राहिलेल्या माणसाकडे बघतात, तसं.

गाणं मात्र थांबलं नाही. सुरू केलेलं गाणं मध्येच सोडलं तर घरातलं माणूस जातं, अशी लेफ्तरच्या घरची समजूत होती. आणि पुन्हा पहिल्यापासून म्हणायला वेळ नव्हता. बाहेर कंपनीची बस हॉर्न देत होती, ड्रायव्हर "यल्ला, यल्ला" करत होता. तिघा अल्बेनियनांचे व्हिसा रद्द झाले होते आणि संध्याकाळचं विमान होतं. साल दोन हजार नऊ, महिना मार्च.

म्हणजे रेकॉर्डिंग एकुलतं एक. त्यात तीन अल्बेनियन, एक हनीफ आणि आगंतुक मी.

आमच्या घरी या गोष्टीवर माझी अजून टिंगल होते. बायको अनुराधा म्हणते, "ह्यांना दाद द्यायचा रोग आहे. कुकरची शिट्टी सुरात झाली तरी हे मान हलवतात." मुलगी अवनी म्हणते, "बाबा, इट्स सो एम्बॅरसिंग." मीही हसण्यावारी नेतो. पण पुढे चार वर्षांनी अशी वेळ आली, की हनीफचा आवाज या जगात फक्त त्या रेकॉर्डिंगमध्ये उरला. त्याच्या स्वतःच्या गळ्यातसुद्धा नाही.

*

हनीफ आमच्या यार्डात रिगर होता. क्रेननं जे उचलायचं त्याला पट्टे बांधायचे आणि क्रेनवाल्याला वर घे, खाली घे, डावीकडे घे असं सांगायचं, हे रिगरचं काम. बाकीचे रिगर ते हातवाऱ्यांनी आणि वॉकीटॉकीनं करत. हनीफ तोंडानं करायचा. "धीरेऽऽऽ" असं त्यानं सुरू केलं, की लोखंडाचा पत्रा जमिनीला टेकेपर्यंत तो 'रे' संपायचा नाही. मी पर्चेस मॅनेजर, एसी केबिनमध्ये खिडक्या लावून बसणारा. पण त्या 'रे'वरून मला आत बसून कळायचं की माल अजून हवेत आहे की पोचला.

उंची बेताची, छाती पिंपासारखी, आणि चेहऱ्यावर 'तुमच्या अकलेबद्दल सवडीनं बोलू' असा कायमचा भाव. माझी त्याची ओळखच अशी झाली. मी नवीन पट्टे खरेदी केले होते आणि स्वस्तात मिळवले म्हणून ऑफिसात कॉलर ताठ करून फिरत होतो. हनीफ दारात आला, पट्टा माझ्या टेबलावर टाकला आणि म्हणाला, "साहेब, चांगला हाय. तुटला की मी खाली असेन आन तुम्ही एसीत." आणि गेला. पट्टे मी त्याच दिवशी परत केले. तेव्हापासून मी त्याला हनीफभाई म्हणायला लागलो. तो मला साहेब म्हणायचा, पण ज्या सुरात म्हणायचा त्यात साहेबपण काही उरायचं नाही.

तो इथं आला अठ्ठ्याऐंशी साली. दर दोन वर्षांनी दोन महिने घर, उरलेला संसार आवाजावर. सुरुवातीला कॅसेट होती. एकच. हनीफ तिच्यात दोन्ही बाजू भरून बोलायचा आणि गावाकडे जाणाऱ्या कुणाच्या तरी हाती द्यायचा. त्याची बायको हव्वाबी ती ऐकायची आणि त्याच कॅसेटवर आपलं उत्तर बोलून परत पाठवायची.

"अहो, मग तुम्ही बोललेलं पुसलं जायचं की!" मी म्हटलं.

"जायचंच. मी बोललेला तिनं पुसायचा, ती बोललेला मी पुसायचा. तुमचा संसार काय निराळा चालतो?"

पुढे फोनकार्डं आली आणि कॅसेट पडून राहिली. तिच्यावर शेवटचं बोलणं हव्वाबीचं होतं, गोठ्याचं छप्पर उडाल्याचं. हव्वाबी नवऱ्याला डोळ्यांनी फारशी ओळखत नव्हतीच. हनीफ सुट्टीवर गेला की पहिल्या दिवशी ती बुजायची, पदर ओढून आत जायची. मग हा भिंतीआड उभा राहून नुसता बोलत बसायचा. पाऊसपाणी, भाव, शेजारीपाजारी. थोड्या वेळानं भिंतीपलीकडून चहा यायचा. "आवाज ओळखते ती," हनीफ सांगायचा, "तोंडाचा तिला भरवसा नाय."

*

अल्बेनियन आले ते दोन हजार सातच्या तेजीत, टाक्या उभारायला. अजमानला माझ्या बिल्डिंगच्या मागच्याच गल्लीत कंपनीनं त्यांना घर दिलं होतं. शुक्रवारी जेवणानंतर ते गच्चीवर बसून गायचे. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, कुणीतरी गेलं असावं. दुसऱ्या शुक्रवारी कळलं, हे त्यांचं आनंदाचंही असंच असतं.

त्या गाण्याची रीत मोठी और. एकजण ओळ उचलतो. दुसरा ती वळवून परत देतो. तिसरा मधेच वरून एक सूर असा फेकतो की पोटात खड्डा पडावा. आणि बाकीचे खाली एकच स्वर धरून बसतात, 'एऽऽ' असा, शेवटपर्यंत. त्याला ते 'इसो' म्हणतात. आपल्याकडे हे काम तंबोरा करतो, त्यांच्याकडे माणूस करतो. गावी हा इसो धरायला पंधरावीस माणसं असतात, आळीपाळीनं श्वास घेतात. इथं चौघांतला एक म्हातारा फिटर तेवढा होता. गाण्यात कुणाचं लक्ष त्याच्याकडे जायचं नाही. पण तो खोकला, की वरचे तिघे शिडी काढून घेतल्यासारखे लोंबकळायचे.

मग मंदी आली. दुबईतले क्रेन जागच्या जागी थिजले, पार्किंगमध्ये धुळीनं माखलेल्या बेवारशी गाड्या दिसायला लागल्या. आमच्या यार्डात एक टाकी पूर्ण झाली आणि तिचं गिऱ्हाईकच नाहीसं झालं. फोन नाही, ऑफिस नाही, माणूस नाही. टाकी उभी. पहिल्या कपातीत वयानं मोठे गेले. त्यात तो म्हातारा फिटर गेला. मॅनेजमेंटला वाटलं असेल, एका म्हाताऱ्यानं काय अडतं.

लेफ्तर माझ्याकडे आला. मी गाण्यातला म्हणून यार्डात बदनाम होतोच. लेफ्तर हिंदी बोलायचा, पण ती वेल्डरांकडून शिकलेली असल्यामुळे ती शिव्या आणि आज्ञा यांच्या मधोमध उभी असायची. "राजन, एक आदमी दो. एक आवाज. हिलना नहीं. ऊपर नहीं, नीचे नहीं. बस."

मी म्हटलं, ह्यात काय आहे! आणि स्वतःच बसलो. आधार स्वर दिला, छान दिला, पण थोड्या वेळानं मला राहवेना. एक बारीकशी मुरकी घेतली. नुसती एक. लेफ्तरनं हातातला नट मला फेकून मारला.

मग आमचे स्टोअरकीपर आत्माराम. गणपतीत आरत्या म्हणणारे, आवाज खणखणीत. त्यांनी स्वर धरला आणि धरल्या धरल्या हातानं टाळ वाजवायला लागले. शिवाय प्रत्येक ओळीच्या शेवटी त्यांचा स्वर सवयीनं उंच जायचा. "अहो, एवढं चांगलं गाणं आणि मी नुसता ए करत बसू? माणूस आहे मी!" आत्माराम चिडले. त्यांनाही नट बसला.

हे सगळं त्या गिऱ्हाईक नसलेल्या टाकीत चाललं होतं, कारण टाकीत आवाज घुमतो आणि बाहेर जात नाही. हनीफ टाकीच्या मॅनहोलमधून डोकावला. "काय रडताव?"

मी समजावून सांगितलं. तो आत आला, पट्टा खांद्यावर तसाच, आणि त्यानं लेफ्तरच्या स्वराला स्वर लावला. 'एऽऽऽ.' लेफ्तरनं ओळ उचलली, दुसऱ्यानं वळवली, तिसऱ्यानं फेकली, ओळ संपली, पुढची सुरू झाली, आणि खाली हनीफ जसाच्या तसा. मुरकी नाही, भाव नाही, चेहऱ्यावर काही नाही. लोखंडाचा पत्रा हवेत आहे आणि तो टेकेपर्यंत सोडायचं नाही, एवढंच.

लेफ्तर मॅनहोलमध्ये आडवा बसला, हनीफ निसटू नये म्हणून.

शिकवणी क्रूर होती. लेफ्तर हनीफच्या गळ्यावर दोन बोटं ठेवून गायचा. स्वर जरा डळमळला की बोटांनी चिमटा. "तुम दीवार," तो म्हणायचा. "हम लोग ऊपर चढ़ेगा. दीवार हिला, हम मरेगा." हनीफचा गळा त्या महिन्यात पिकल्या जांभळासारखा दिसायचा. मी एकदा म्हटलं, "हनीफभाई, कशाला सोसता?"

"गाणा नाय साहेब ते, ओझा हाय. ओझा धरायचा मला ठावं हाय." मग जरा थांबून म्हणाला, "हव्वाबीला फोनवर सांगितला, मी गातो. ती हसून हसून पडली. बोलते, तिथं माणसां संपली काय?"

आणि मग दुसरी कपात झाली. तिघांची नावं लागली. लेफ्तर म्हणाला, जाण्याआधी गाणं भरून दे. मी अजमानच्या गणेशोत्सवासाठी घेतलेला रेकॉर्डर आणला. पुढे काय झालं ते सुरुवातीलाच सांगून टाकलं आहे.

गाणं कशाचं होतं, ते लेफ्तरनं जाता जाता सांगितलं. "माँ बोलता है, लड़का परदेस गया. चिट्ठी नहीं, आदमी नहीं. खलास." मी धावत ऑफिसात जाऊन रेकॉर्डिंग कॉम्प्युटरवर घेतलं, पेनड्राइव्हवर घातलं आणि बसच्या खिडकीतून लेफ्तरला दिलं. त्यानं त्यावर चिकटपट्टी लावून तीन नावं लिहिली, स्वतःचं आणि दोघा जोडीदारांचं.

हनीफ खिडकीखाली उभा होता. "माझा?"

"तुम दीवार," लेफ्तर म्हणाला. "दीवार का नाम नहीं होता, हबीबी."

बस सुटली. हनीफ हसला. खरंच हसला, मोठ्यांदा, टाकीबाहेर असूनही घुमला.

*

मंदीनं आम्हाला सावकाश खाल्लं. त्या टाकीचं भंगार करायचं ठरलं. ती कापताना पत्रे बांधून उतरवायचं काम हनीफकडेच आलं. रंगाचा धूर यार्डभर पसरायचा आणि त्यात "धीरेऽऽऽ" ऐकू यायचं. दहा साली मालक एका सकाळी देशाबाहेर निघून गेला, गेटला कुलूप लागलं, आणि माझा कॉम्प्युटर, त्यातल्या त्या गाण्यासकट, आत राहिला. रेकॉर्डरची मेमरी एवढीशी. त्यात तोवर गणपतीच्या आरत्या बसल्या होत्या. मला अबू धाबीजवळ मुसफ्फाला नोकरी मिळाली, घर अजमानलाच ठेवलं. आठवडाभर तिकडे, शुक्रवारी इकडे. हनीफ अजमानच्याच एका छोट्या यार्डात लागला.

तेरा साली त्याचा आवाज बसला. आधी वाटलं एसी. मग वाटलं धूळ. डॉक्टरनं विचारलं, विडी किती ओढता? हनीफनं जन्मात ओढली नव्हती, दुसऱ्यांचाच धूर खाल्ला होता. गाठ गळ्यात नको त्या जागी होती. ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी गळ्यातली आवाजाची पेटीच काढून टाकली आणि श्वासासाठी गळ्याला भोक ठेवलं.

मी बघायला गेलो, तर खाटेवर तो पिंपासारखी छाती घेऊन बसलेला आणि त्या छातीतली हवा गळ्याच्या भोकातून शीळ घालत बाहेर चाललेली. मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. त्यानं हाताचा पंजा दाखवला. क्रेनची खूण. थांबा.

मग त्याला ते बोलायचं मशीन मिळालं. टॉर्चएवढं. हनुवटीखाली टेकवून बटण दाबायचं आणि ओठ हलवायचे. शब्द निघतात, पण सगळे एकाच सुरात. प्रश्न, शिवी, सलाम, सगळं एकाच पट्टीत, माशी काचेवर गुणगुणावी तसं. घरी आला तेव्हा अनुराधानं विचारलं, "केवढ्याला हो हे?" त्यानं दिरहममध्ये सांगितलं. अनुराधानं सवयीनं रुपयांत केलं आणि जीभ चावली. हनीफनं मशीन टेकवलं.

"बगा वयनी. लेफ्तर असता तर खूश झाला असता. आता चोवीस तास इसो."

अनुराधा उठून स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ काहीच न शिजवता तिथं उभी राहिली.

मशीन घेऊन त्यानं हव्वाबीला फोन लावला, तर तिनं कट केला. पुन्हा लावला, पुन्हा कट. मग तिनं आपणहून दुसऱ्या कुणाच्या फोनवरून निरोप धाडला, की तुमच्या नंबरावरून कंपनीचं मशीन बोलतंय, माणसाला द्या. मग तिला समजावून सांगितलं. त्यानंतर त्या दोघांनी आपसांत एक सोय काढली. तिनं फोन करायचा, तिनंच बोलायचं, यानं फोनवर नखानं टकटक करायची. एक म्हणजे हो, दोन म्हणजे नाही.

रिगरला आवाज नाही म्हणजे नोकरी नाही. व्हिसा संपत आला होता. हनीफ कायमचा गावी निघणार होता. एका शुक्रवारी तो आला आणि उभ्या उभ्याच म्हणाला:

"साहेब, टाकीतला आवाज हाय ना तुमच्याकडं? तेवढा द्या. माझ्याकडं माझा एकपण नाय. मी घरी पोचेन, हव्वाबी मला बगेल, आन भिंतीपाठून मी काय करू, टकटक? आवाज संगती नेतो. माणूस आन आवाज एकदम पोचूं देत."

मी "देतो" म्हणालो. माझ्याकडे तो नव्हता, तरी म्हणालो.

*

हमरियाला जाऊन आलो. आमच्या ऑफिसात आता प्लास्टिकच्या खुर्च्या भरलेल्या होत्या. कॉम्प्युटर लिलावात गेलेले. कुणी घेतले, कुणाला ठाऊक नाही. उरला लेफ्तरचा पेनड्राइव्ह. तो अल्बेनियात, आणि लेफ्तरचा पत्ता आमच्यापैकी कुणाकडे नाही.

अनुराधानं यूट्यूबवर लेफ्तरचं नाव वेगवेगळ्या स्पेलिंगांनी टाकायला सुरुवात केली. मी मुसफ्फाला असताना तिचा फोन आला. "अहो, सापडलं! ऐका." फोनच्या कर्कश आवाजात खरखर, दूरवरची रडारड, आणि मग एकदम स्वच्छ, खणखणीत, "क्याऽऽ बात है!"

म्हणजे तेच. शंभर टक्के तेच. मी ऑफिसातच टेबलावर हात आपटला. हनीफला निरोप दिला, शुक्रवारी जेवायला या, आवाज मिळाला. ज्यानं ते यूट्यूबवर टाकलं होतं, तो लेफ्तरचा मुलगा निघाला. अनुराधानं त्याला लिहिलं, की आम्हाला मूळ रेकॉर्डिंग पाठवता का, एका मित्राला हवंय.

शुक्रवारी हनीफ इस्त्रीचा शर्ट घालून आला. गळ्याला पांढरा रुमाल. खिशात नवा कोरा पेनड्राइव्ह, पाकिटातून न काढलेला. अनुराधानं त्याला गिळायला सोपं म्हणून सांजा केला होता. त्यानं बशी बाजूला ठेवली. आधी आवाज.

स्क्रीनवर लेफ्तरचा फोटो आला, कोपऱ्यात काळी फीत. आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. हनीफनं एक बोट उंच केलं, क्रेनला 'वर घे' सांगतात तसं. मी सुरू केलं.

लेफ्तरनं ओळ उचलली. तोच लेफ्तर, टाकीतला. दुसऱ्यानं वळवली. हनीफचं बोट तसंच वर, डोळे मिटलेले. आणि खालून इसो आला. जाडजूड, भरघोस, गालिच्यासारखा. सात-आठ माणसांचा.

हनीफचं बोट खाली आलं नाही. त्यानं शेवटपर्यंत ऐकलं. तिसऱ्याचा वरून फेकलेला सूर आला, लेफ्तर त्याच्याखालून वर चढला, आणि त्यावर अगदी छातीवर बसल्यासारखा मी आलो, "क्याऽऽ बात है!" हनीफनं डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं.

गाणं संपलं. मशीन गळ्याला लागलं.

"हा मी नाय."

"अहो, टाकीत घुमतं ना, म्हणून तसं वाटत असेल..."

"साहेब. मी नाय."

अनुराधानं मान खाली घालून सांगितलं, "त्या मुलाचं उत्तर आलंय सकाळी. मी नीट वाचलं नव्हतं." ती वाचायला लागली, इंग्रजीतून मराठी करत करत. "तो म्हणतो, बाबा अकरा साली ग्रीसमध्ये छपरावरून पडून गेले. त्यांच्या वर्षश्राद्धाला... म्हणजे त्यांचं जे काही असतं त्याला... मी हे रेकॉर्डिंग साफ केलं. पेनड्राइव्हवर तिघांचीच नावं होती, इसो धरायला कुणी नव्हतं बिचाऱ्यांना. म्हणून आमच्या गावच्या आठ जणांचा इसो मी त्याखाली भरला. मूळ रेकॉर्डिंगमध्ये सगळीकडे एक..." अनुराधा थांबली.

हनीफनं तळहात जमिनीकडे करून हळूहळू खाली नेला. क्रेनची खूण. येऊ दे खाली.

"...सगळीकडे एक जनरेटर चालू होता. अगदी एका सुरात, कुठेच न हलणारा. तो मी सॉफ्टवेअरनं पूर्ण काढून टाकला."

मग हनीफचे खांदे हलायला लागले. मला वाटलं, रडतोय. गळ्याच्या रुमालाखालून हवा फसफस बाहेर येत होती. तो हसत होता. आवाज नसलेल्या माणसाचं हसणं मी तोपर्यंत पाहिलं नव्हतं. त्यानं मशीन टेकवलं.

"जनरेटर कितीचा होता, विचारा. किती केव्हीए?"

"मूळ रेकॉर्डिंग?" मी अनुराधाला विचारलं.

"पेनड्राइव्हवर त्यानं त्या कार्यक्रमाचं शूटिंग घातलं. मूळ पुसून, त्यावरच." तिनं पुढचं भराभर वाचून टाकलं. "आणि लिहितो, मधे जो माणूस ओरडतो तो काढायचा खूप प्रयत्न केला, पण तो नेमका बाबांच्या आवाजावर बसलाय. त्याला काढलं तर बाबा जातात. म्हणून राहू दिला. आता गावात तो फार लोकप्रिय आहे. लग्नात पोरं तसंच ओरडतात. त्याचा अर्थ काय, असं विचारतोय."

अवनी दारात उभी होती. एरवी ती "सो एम्बॅरसिंग" म्हणाली असती. आज ती तशीच आत गेली.

तेवढ्यात हनीफचा फोन वाजला. हव्वाबी. त्यानं तो टेबलावर ठेवला आणि स्पीकर लावला, कारण कानाशी धरून त्याला काही बोलायचं नसायचंच.

"आवाज गावला काय?" खाडीपलीकडून हाक मारावी तसा तिचा आवाज होता. सोळा आणे खणखणीत.

हनीफनं फोनवर नखानं दोनदा टकटक केली.

पलीकडे कोंबडं आरवलं. कुठलंतरी भांडं वाजलं. मग हव्वाबी म्हणाली, "बरां. येताना मोठा टॉर्च आणा, हिथं लाइट टिकत नाय." आणि फोन ठेवला.

हनीफनं कोरा पेनड्राइव्ह उचलला, शर्टाच्या खिशात परत घातला, खिशाचं बटण लावलं. मग सांज्याची बशी पुढे ओढली आणि निमूट खायला लागला, लहान लहान घास, प्रत्येक घासाला मान जरा वाकडी करून. मला ती शांतता सोसवेना. मला कुठलीच सोसवत नाही, म्हणून तर हे सगळं झालं. मी विचारलं, "हनीफभाई, राग आला असेल ना?"

त्यानं चमचा खाली ठेवला, रुमालानं तोंड पुसलं, मशीन गळ्याला लावलं आणि एकाच सुरात म्हणाला, "मला काढला त्याचा नाय, तुमाला ठेवला त्याचा."